पुन्हा पहिल्यापासून

दवाखान्यात आण्णांना शेवटचं भेटलो, तेव्हा डॉक्टर नवे उपचार सुरू करू म्हणत होते. आण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ. त्यांनी डोळे मिटूनच हात हलवला. “आता काय बी सुरू करू नगा. लई येळा सुरू केलं.” आठवड्यानं ते गेले... मला तेव्हा त्या बोलण्याचा राग आला होता. आता येत नाही.

आण्णा खुलताबादला उर्दूत शिकले आणि शहरात कचेरीत कारकून झाले. त्यांच्या उर्दू अक्षरावर साहेब लोक खूश असत. पोलीस ॲक्शननंतर निजामाचं राज्य गेलं, साहेब बाहेरून आले, कागद इंग्रजीत आले आणि हुकूम निघाला, इंग्रजीची परीक्षा द्या नाहीतर घरी बसा. घरात आई, वहिनी, दोन लेकरं. मी कॉलेजात होतो. धाकट्या भावाकडं शिकायची लाज गिळून ते रोज संध्याकाळी माझ्यापुढं बसत. पुस्तक मात्र उजवीकडून वाचायच्या उर्दूच्या सवयीनं मागच्या बाजूनं उघडत. मी हसलो की निमूट फिरवून घेत.

इंग्रजीतले त्यांना आवडले ते वाक्प्रचार, आणि तेही सगळे सुरुवात करण्याचे. ‘गेट द बॉल रोलिंग’, ‘टर्न ओव्हर अ न्यू लीफ’, ‘स्टार्ट फ्रॉम स्क्रॅच’... “ह्या लोकायला सुरू करायची लईच हौस दिसती,” म्हणायचे. एकदा नव्या साहेबांसमोर जाऊन थाटात म्हणाले, “सर, लेट अस ब्रेक द आइस.” म्हणजे, चला, बोलायला सुरुवात करू. साहेब कौतुकानं ऐकायला सरसावून बसले. पण पुढचं वाक्यच आण्णांकडं नव्हतं! सलाम ठोकून परत आले. घरी सांगताना स्वतःच पोट धरधरून हसले.

दोनदा नापास होऊन ते तिसऱ्यांदा पास झाले. नोकरी वाचली. पुढं महाराष्ट्र झाला आणि काही वर्षांनी कारभार मराठीत करायचं ठरलं. मराठी घरचीच, पण कचेरीची मराठी निराळी. त्या संध्याकाळी त्यांनी टोपी खुंटीला लावली. मग म्हणाले, “माणसानं किती बार पहिल्यापासून सुरू करायचं रं?” सकाळी ते मसुदे शिकायला बसले होते.

पेपर तेवढा ते शेवटपर्यंत मागच्या पानापासून वाचत. ती एक गोष्ट त्यांनी कुणाच्या हुकमानं बदलली नाही. वहिनी अजून सकाळी पेपर त्यांच्या खुर्चीत ठेवतात, मागचं पान वर करून. काल मी तो सरळ करायला हात घातला... आणि तसाच राहू दिला.