हरिबाच्या नावाला उत्तर

कडेगावच्या वाटेवर मिशनचा एक लहानसा दवाखाना होता. कौलारू छप्पर, समोर दोन चिंचा, मागे विहीर. त्या विहिरीजवळ धोंडुबाई पट्ट्या धुवायची. जखमेवरच्या सुटलेल्या पट्ट्या सोड्याच्या पाण्यात उकळायच्या, दोरीवर वाळवायच्या, मग मांडीवर ताणून गुंडाळायच्या, हे तिचं काम. लढाई सुरू झाली आणि कापड मिळेनासं झालं, तेव्हा एकेक पट्टी पार विरेपर्यंत वापरावी लागे. डॉक्टरीणबाई म्हणत, "धोंडुबाईची गुंडाळी भिंतीवर फेकली तरी सुटायची नाही."

बाई मूळची म्हसवडकडची. नवरा पटकीने गेला आणि पाठोपाठ दुष्काळ पडला, तेव्हा लेकराला कडेवर घेऊन ती इकडे आली. ते लेकरू म्हणजे हरिबा. तो दवाखान्याच्या आवारातच वाढला, मिसरूड फुटायच्या आत वॉर्डात काम करू लागला. रोग्याला कुशीवर वळवावं तर हरिबानेच. माणसाला कळायचंही नाही. धोंडुबाई ख्रिस्ती झाली नाही आणि तसा हट्ट कुणी धरलाही नाही. मार्गशीर्षात म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथाला ती रजा घेई आणि गुलालाने माखलेल्या लुगड्यानेच कामावर परत येई.

महिन्याच्या पहिल्या रविवारी मात्र ती संध्याकाळच्या प्रार्थनेला दाराजवळ येऊन बसे.

"काय धोंडुबाई, सिद्धनाथ रागवायचा नाही का?" साळवे मास्तर हसून विचारत. हे दवाखान्याचे कारकून. प्रार्थनाही तेच चालवत.

"प्रार्थना तुमच्या देवाची, मास्तर. बातम्या समद्यांच्या."

कारण प्रार्थनेनंतर बातम्या असत. दवाखाना ज्या मंडळाचा होता, त्याची इस्पितळं, शाळा, अनाथाश्रम देशभर पसरलेले होते. मंडळाचं छापील खबरपत्र दर महिन्याला येई: कोण रुजू झालं, कुणाची बदली झाली, कुणाचं लग्न ठरलं, कोण आजारी आहे. मास्तर इंग्रजीतून वाचून मराठीत सांगत. कधी न पाहिलेली ती माणसं धोंडुबाईला भावकीतली वाटत. अजमेरच्या मेट्रनबाईंचा गुडघा दुखतो, हे एकदा कानावर आलं, तेव्हापासून दर महिन्याला तिची चौकशी ठरलेली: "आवं मास्तर, त्या अजमेरच्या बाईचा गुडघा काय म्हंतोय?" खबरपत्रात गुडघ्याचं काही नसलं, तर ती नाराज होऊन म्हणे, "मग छापत्यात तरी काय!"

पण बाहेरच्या बातम्यांच्या आधी घरच्या. दवाखान्याचं जे माणूस दूर असेल, कुणी बाळंतपणाला, कुणी शिकायला, कुणी लढाईवर, त्याचं नाव मास्तर घेत. मग त्याच्या जवळचं कोणीतरी उठून उभं राही आणि सांगे, "खुशाल आहे." उत्तर आलं की त्या माणसाची जागा त्याचीच राही, खोलीही त्याचीच. उत्तर देणारं कुणी उरलं नाही, तर नाव गळे आणि जागा, खोली दुसऱ्याला जाई. मरणाची बातमी असली, तर सगळे मिळून उभे राहत. पहिल्या डॉक्टरांनी ही रीत घालून दिली होती. ती कुठे लिहिलेली नव्हती आणि कुणी मोडलीही नव्हती.

हरिबा फौजेत गेला तो ड्रेसर म्हणून. "आई, हितं काय, थितं काय, जखमा बांधायच्याच," म्हणाला. ब्रह्मदेशातून त्याची दोन पत्रं आली. मग तिकडे पळापळ झाली, रंगून पडलं, आणि पत्रं थांबली. पुढे सरकारी कागद आला. मास्तरांनी तो दोनदा वाचला आणि जपून शब्द निवडत सांगितलं, "पत्ता लागत नाही म्हणतात. मेला असं म्हणत नाहीत, धोंडुबाई."

त्याच साली आपल्या भागात चळवळ पेटली होती. तारा तोडल्या जात होत्या, टपालाच्या पेट्या जाळल्या जात होत्या. धोंडुबाईला त्याचा आधार झाला. "पत्र आलंच आसंल," ती म्हणे. "वाटंत जळालं आसंल. आता पोरांनी तरी काय वाचून जाळायचं व्हय?"

पुढच्या पहिल्या रविवारी मास्तरांनी नाव घेतलं. "हरिबा."

धोंडुबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. "खुशाल हाय, मास्तर."

त्यानंतर दर महिन्याला ती उठत गेली, आणि दर महिन्याला मास्तर नाव घेताना चष्मा पुसत गेले.

हरिबाच्या जागी तात्याबा नावाचा गडी बदली म्हणून आला होता. कामाला चांगला, बोलायला कमी. बदली माणसाला खोली मिळत नसे. तो वऱ्हांड्यात झोपे आणि त्याची बायको बनुबाई तिकडे गावी दिराच्या घरात दिवस काढी. इकडे हरिबाची खोली कुलूपबंद. धोंडुबाई महिन्याकाठी ती उघडून सारवी आणि पुन्हा कुलूप लावी. बनुबाई पहिल्या खेपेला अवघडलेली असताना कधी भेटायला आली, की दोघं नवरा-बायको चिंचेखाली बसून भाकरी खात. धोंडुबाई ते बघे. एकदा तिने तात्याबाला हटकलंही, "माझ्यावर राग हाय का रं तुजा?"

"न्हाई मावशी. तुमचा पोरगा येऊ द्या. माझं काय, मी बदलीच."

तो खरं बोलत होता, म्हणून ते तिला जास्त लागलं. त्यांचं ते पहिलं मूल दिराच्या घरीच जन्मलं आणि बाळसं न धरताच गेलं. धोंडुबाई भेटायला गेली तेव्हा बनुबाईने तिला गूळपाणी दिलं, एक शब्द वावगा काढला नाही. परतीच्या वाटेवर धोंडुबाईने कमरेची किल्ली चाचपली. पण महिना उलटला आणि नाव घेतल्यावर ती उठलीच. आईने बसून राहायचं म्हणजे काय, हे तिला ठाऊक होतं.

लढाई संपली. फौजेतली माणसं गावोगाव परतू लागली. एका शनिवारी दुपारी धोंडुबाई पट्ट्या गुंडाळत बसली होती. समोर एक वाळलेला माणूस येऊन उभा राहिला. अंगात खाकी सदरा, एका पायाने लंगडत होता.

"हरिबाची आई तुमीच न्हवं?"

"कशावरनं वळखलंस?"

"हातावरनं." तो खाली बसला. "मी नानासो. शिरवळकडचा. रंगूनला एकाच तुरुंगात हुतो आमी, जपान्यांच्या."

धोंडुबाईचे हात थांबले नाहीत. अर्धी गुंडाळी झाली होती, ती तिने पुरी केली, टोक आत खोचलं, मग विचारलं, "कवा?"

नानासोने लांबलचक बोलायचं ठरवलं असावं. ते सारं त्याच्या तोंडातच राहिलं. "पयल्याच साली, मावशी. दिवाळीच्या आदी. हगवण लागली हुती समद्यांना. जखमी माणसं हलवता येत न्हवती, म्हणून त्यांच्यासंगं हरिबा मागं ऱ्हायला हुता, तवाच धरला त्याला. पळाला आसता तर सुटला आसता."

"तो कुटला पळतोय!" धोंडुबाई म्हणाली. आवाजात थोडा रागच होता.

"थितं पट्टी न्हवती. सदरे फाडायचा, उकळायचा, मांडीवर घेऊन गुंडाळायचा. आमी हसायचो, म्हनायचो, आरं गड्या, बोळा करून ठेव की! तर म्हनायचा, माझी आई बघंल." नानासोने आपला लंगडा पाय पुढे केला. "ह्यो पाय त्यानंच राखला."

धोंडुबाईने त्या पायावरून हात फिरवला. मग ती आपल्या खोलीत गेली आणि त्याच्यासाठी भाकरी थापू लागली. त्याने पोटभर खावं म्हणून समोर बसून राहिली. उठला तेव्हा वाटेसाठी शेंगांची चटणी बांधून दिली.

"कुणाला काय सांगितलंस हितं?"

"न्हाई. आदी तुमाला."

"बरं केलंस."

नानासो गेला. आता ही गोष्ट तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. पहिल्या दिवाळीच्या आधी! म्हणजे ती उठून उभी राहत होती, तेव्हा पोरगा मातीत होता. पण ती खोटं बोलली नव्हती. तिला माहीत नव्हतं. उद्या महिन्याचा पहिला रविवार. ती उठली, तर कुणी तिला अडवणार नव्हतं. मास्तर चष्मा पुसतील, बाकीचे खाली बघतील, आणि हरिबा आणखी एक महिना खुशाल राहील.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने हरिबाची खोली उघडली. सारवून घेतली. त्याचं घोंगडं उन्हात झटकलं, घडी करून काखेत घेतलं. दार नुसतं लोटून ठेवलं. बनुबाई त्या दिवशी आलेली होती, पुन्हा दिवस गेलेले. तिला वाटलं, नेहमीसारखं सारवण चाललंय.

संध्याकाळी प्रार्थना झाली. मास्तरांनी चष्मा पुसला.

"हरिबा."

दाराजवळ कुणी हललं नाही. मास्तरांना वाटलं, तिने ऐकलं नसेल. त्यांनी पुन्हा नाव घेतलं, थोडं मोठ्याने. धोंडुबाई मांडी घालून बसली होती, हात मांडीवर उताणे. ती मास्तरांकडे बघत होती, पण तोंड उघडत नव्हती. घोंगडं शेजारी होतं.

आधी डॉक्टरीणबाईंना उमजलं. त्या उठून उभ्या राहिल्या. मग मास्तर, मग तात्याबा, मग एकेक करून सगळी खोली. इतकी वर्षं सगळे बसायचे आणि ती एकटी उठायची. आज सगळे उभे होते आणि ती एकटी बसलेली होती.

धोंडुबाईने कमरेची किल्ली सोडली आणि शेजारी उभ्या असलेल्या बनुबाईच्या हातात दिली. बनुबाई रडू लागली, तशी धोंडुबाई म्हणाली, "रडू नगंस. पोटुशी हाईस." मग ती मास्तरांकडे वळली.

"बसा समदी. वाचा मास्तर, फुडचं वाचा. त्या अजमेरच्या बाईचा गुडघा ऱ्हायलाय."

मास्तरांना अक्षरं दिसत नव्हती. त्यांनी पान डोळ्यांजवळ धरलं, शोधलं. त्या महिन्यात खरंच काही छापलेलं होतं. अजमेरच्या मेट्रनबाई आता काठीशिवाय चालू लागल्या होत्या.

"बरं झालं," धोंडुबाई म्हणाली, आणि घोंगडं मांडीवर ओढून घेतलं.