लपवलेला दमा

भागूबाईंना खोटं बोलता येत नसे. शहागंजात भाजी विकायला बसत आणि मेथी शिळी असली तर "शिळी हाय, नका घेऊ" असं गिऱ्हाइकाला स्वतःच सांगून मोकळ्या होत. असा कुठं धंदा होतो! आयुष्यात एकदाच पक्कं खोटं बोलल्या, आणि तेही नको तिथं.

दुष्काळात अजिंठ्याकडची विहीर आटली, तेव्हा नवरा काकासाहेब शहरात येऊन पाण्याचा टँकर चालवू लागले. बायपासला रोज नवी इमारत उठत होती आणि नळाला पाणी नव्हतं, त्यामुळं त्यांना उसंत नसायची. त्या बांधकामांच्या धुळीत त्यांना दमा जडला. घरात सगळ्यांना ठाऊक, बाहेर चकार शब्द नाही. कारण लेक संस्कृतीची सोयरीक छावणी भागातल्या पुंजारामांकडं जमत आली होती, आणि रोगट घरची पोरगी म्हणून ती मोडेल, ही भागूबाईंची धास्ती.

त्यातच काकासाहेबांच्या छातीत कळा येऊ लागल्या. डॉक्टरांनी हृदयाचं स्कॅन सांगितलं. होणारे व्याही पुंजाराम माणुसकीनं रिक्षा घेऊन हजर झाले. खोलीबाहेर तंत्रज्ञ नीरजा फॉर्म भरायला आली. चहा कालपासून बंद ठेवला का? ठेवला होता. दमा आहे? दम्याची गोळी चालू आहे?

पुंजाराम शेजारीच उभे होते. भागूबाईंनी पदर सारखा केला.

"नाय बा. तसलं काय नाय."

सकाळी धाप लागली म्हणून त्यांनीच नवऱ्याला पांढरी गोळी दिली होती.

इंजेक्शन झालं, फोटो निघाले, रिपोर्ट चांगला आला. पुढं कळ आली की काकासाहेब म्हणायचे, "मशीन खोटं बोलंल व्हय?" लग्न थाटात पार पडलं. तिसऱ्या महिन्यात टँकर भरता भरता काकासाहेब छाती धरून कोसळले, ते उठलेच नाहीत.

भागूबाई तरातरा दवाखान्यात गेल्या, भांडायला. नीरजानं सगळं ऐकून घेतलं, जुना फॉर्म काढला आणि विचारलं, "मावशी, त्या दिवशी कुठली गोळी घेतली होती का त्यांनी?"

भागूबाईंनी सांगून टाकलं. नीरजानं फॉर्मवरच्या 'दमा: नाही' वर बोट ठेवलं.

"आमच्याकडं दोन तऱ्हेची औषधं असतात, मावशी. एक रक्तवाहिन्या रुंद करतं, मग रक्त कुठं कमी पोचतं ते फोटोत कळतं. दमेकऱ्यांना सहसा ते देत नाही. त्यांना दुसरं देतो, ते हृदयाला पळायला लावतं. काकांना पहिलं दिलं, आणि त्या गोळीनं त्याचा जोरच मारला असणार. म्हणून फोटो चांगला आला."

भागूबाई तिथून थेट छावणीत गेल्या आणि व्याह्यांसमोर हात जोडून उभ्या राहिल्या.

"भाऊ, तुमाला फसवलं मी. त्यास्नी दमा होता. माझ्या एका नाय म्हणण्यापायी माणूस गेला माझा."

पुंजारामांनी त्यांचे जोडलेले हात खाली केले.

"विहीणबाई, पोरगी बघाया आलो त्याच दिवशी कळलं होतं. छाती वाजायची की त्यांची. धुळीतला माणूस, असायचंच. आमाला त्याचं काय बी नव्हतं."

"मंग दवाखान्यात बोलला का नाय तुमी?"

"तुमी नाय म्हणल्या ना," पुंजाराम उपरण्यानं डोळे पुसत म्हणाले. "म्हटलं, चारचौघांत तुमास्नी मान कशाला खाली घालाया लावू?"