मारुतीपुढचा गूळ

मला एका जागी बसवतच नसे. कारखान्यात आठ तास यंत्रापुढे उभं राहायचं म्हणजे पायांत नुसती वळवळ. रविवार उजाडला की चिंचवडहून गाडी पकडून मळवली गाठायची, विहिरीवरचा दोर खांद्यावर टाकायचा आणि दिसेल त्या कड्याला भिडायचं. एकोणिसाव्या वर्षी मधुमेह निघाला तेव्हा आईला वाटलं, सुटलं एकदाचं हे वेड. कसलं सुटतंय! सकाळी ती काचेची सिरिंज उकळून द्यायची, मी मांडीत इन्शुलिन टोचून घ्यायचो आणि बूट चढवायचो.

डॉक्टरांनी एक गोष्ट बजावली होती. इन्शुलिन घेतल्यावर कधी घाम फुटला, हात थरथरले, तर लगेच गूळ नाहीतर साखर तोंडात टाकायची, नाहीतर शुद्ध जाईल. हे मी घरी सांगितलंच नाही. शुद्ध जाईल म्हटल्यावर आईने मला गडावर कशाला पाठवलं असतं? मी गुपचूप कागदात गुळाचा खडा बांधून खिशात ठेवायचो. तोही मला धड सांभाळता यायचा नाही. श्रावणात कारखान्याच्या फाटकाशी पडलो, तेव्हा खिसा रिकामाच होता. रखवालदाराने गोड चहा पाजला म्हणून वाचलो; घरी नुसतं घसरून पडलो असं सांगितलं. स्वतःच्या वेंधळेपणावर तेव्हा असा काही चिडलो होतो!

त्या रविवारी बरोबर आकुर्डीचा जोडीदार होता. माझ्याच पाळीतला, अंगाने दांडगा, शब्दाला पक्का. निघताना आईने त्याला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. मला वाटलं, नेहमीचंच असणार, जपून जा वगैरे.

विसापूरच्या वाटेवर कातळात मारुती कोरलाय. त्याच्यापुढे काहीतरी ठेवल्याशिवाय जोडीदार वर पाऊल टाकत नसे. आमची पिशवी त्याच्याकडेच होती; खिशातला गूळ हरवतो म्हणून त्या दिवशी मी तो पिशवीतच ठेवला होता. मला कुठला धीर, मी पुढे निघालोसुद्धा. अर्ध्या तासाने आम्ही दोघं कड्याच्या मधल्या टप्प्यावर टेकलो आणि माझे हात थरथरू लागले. सदरा घामाने चिंब. पिशवी उलटी केली. भाकरीसुद्धा खाली झाडाला बांधून आलो होतो, आणि गुळाचा पत्ता नाही.

"गूळ कुठाय माझा?"

"मारुतीपुढं ठिवला," तो शांतपणे म्हणाला. "तुला साखरेचा आजार हाय. गोडाला हात लावू द्यायचा न्हाई, असा तुझ्या आईला शब्द दिलाय."

मी त्याला नाही नाही ते बोललो. त्याच्या सात पिढ्या काढल्या. दारुड्याला तलफ यावी तसं काहीतरी चाललंय असं त्याला वाटलं असणार, कारण तो मुकाट्याने ऐकून घेत होता. माझी जीभ जड व्हायला लागली. मग मात्र मी घाबरलो, खरोखरच घाबरलो, आणि इतकी वर्षं लपवलेलं बोललो.

"गूळ मिळाला नाही तर मी मरेन रे."

त्याने एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं, मला दोराने झाडाच्या बुंध्याशी बांधलं आणि खाली सुटला. पुढचं नीट आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा तो मुंग्यांसकट गूळ माझ्या गालात बोटाने कोंबत होता आणि रडत होता.

संध्याकाळी आईने दारातच त्याला विचारलं, काही गोड खाऊ दिलं नाहीस ना? त्याने मान खाली घातली. मग मीच डॉक्टरांच्या बोलण्यापासून सगळं एका दमात सांगून टाकलं. वाटलं, आता ती दोर चुलीत घालणार.

ती मटकन खाली बसली.

"धुणं धुताना तुझ्या खिशात गूळ सापडायचा," ती म्हणाली. "चोरून खातोस असं वाटायचं मला. दर वेळी काढून टाकत होते रे."

तिने वर पाहिलं.

"श्रावणात पडलास, त्या दिवशी?"

"त्या दिवशी होता खिशात," मी म्हणालो. "तो खाऊनच तर उठलो."