एकाच दुधाच्या दोन किटल्या

आमची नानी कुणावर म्हणून विश्वास ठेवायची नाही. डॉक्टरवर नाही, कंडक्टरवर नाही, आणि कलिंगडवाल्यानं टिचकी मारून दाखवलेल्या कलिंगडावर तर मुळीच नाही. घरी कुणी हसत हसत आलं की ती आधी पाण्याचा तांब्या पुढं करायची आणि मग विचारायची, "काय काम काढलंस?" काम नसलं तरी बिचाऱ्याला काहीतरी काढावं लागायचं.

नानी म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची, नानांची बायको. मी लहान असतानाच माझी आई गेली, त्यामुळं शेळगावच्या घरात मला वाढवलं ते हिनं. लाडबिड काही नाही. आठवीत मी वर्गात पहिली आले तेव्हा आळीभर पेढे वाटून झाले आणि ही बया म्हणते काय, "तपासणारा झोपला व्हता का काय, बगा जरा." असा संताप आला होता मला!

तिचा खरा वैरी म्हणजे दूध डेअरीतलं फॅट मोजायचं मशीन. आमच्या दुधाला फॅट कमी लागतं आणि चेअरमनच्या दुधाला जास्त, हा तिचा पक्का संशय. एका सकाळी तिनं एकाच गाईचं दूध दोन किटल्यांत ओतलं. एक किटली नानांच्या नावावर घातली आणि चेअरमनच्या सुनेला पटवून दुसरी त्यांच्या नावावर. दोन्हींना फॅट सारखंच लागलं. आम्ही पोट धरधरून हसलो. नानीचा चेहरा तसाच. "आज बरूबर आलं. उद्याचं उद्या," म्हणाली आणि किटल्या विसळायला बसली.

मी दहावीत असताना आमच्या शाळेत बारामतीहून एक सर आले. कडक इस्त्रीचा शर्ट, काखेत लॅपटॉप. बोटांचे ठसे घेऊन मुलाला बुद्धी किती आणि कशातली, ते सांगायचे म्हणे. "बुद्धी रक्तातून येते," ते जमलेल्या पालकांना समजावत होते. "आईवडिलांकडून जी मिळाली, तीच बोटांवर उमटलेली असते." माझ्या वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, लगेच मान डोलावली. नानी मागं भिंतीला टेकून बसली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण शाळेवरही तिचा विश्वास नव्हता ना! सरांनी आण्णांना चार प्रश्न विचारले, माझी दहाही बोटं काचेवर दाबून घेतली, आणि एवढ्या वेळात माझ्या तोंडाकडं एकदाही पाहिलं नाही.

रिपोर्ट आला. गणित आणि विज्ञान, आनुवंशिक क्षमता कमी. शिवणकाम, गृहविज्ञान योग्य. आण्णांना तर सुटल्यासारखंच झालं. "मीच सातवीत नापास झालो. पोरगी तरी कुठनं आणंल?" वर्गातला पहिला नंबर वगैरे म्हणजे नुसतं घोकणं, रक्तात काही नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. बारामतीला अकरावी सायन्सला जायचं माझं स्वप्न त्या कागदानं खलास केलं. आता गावाजवळ आर्ट्स, आणि मग स्थळं बघायची. मी रडून रडून डोळे सुजवले.

नानी मात्र मनातल्या मनात काहीतरी चघळत होती. भाकरी थापता थापता एकदम म्हणाली, "त्यानं आदी तुज्या बापाचं शिक्षान इचारलं, मग बोटं बगितली. समदं बोटातच हाय, तर बाप कशाला लागतो त्याला?"

पुढच्या आठवड्यात ती मला घेऊन बारामतीला निघाली. एमआयडीसीच्या रस्त्याला त्या सरांचं ऑफिस होतं. मला मैत्रिणीचा चांगला ड्रेस घातला होता, नानी आपल्या रोजच्या साडीत. "मी हिच्या घरी कामाला हाय," तिनं सरांना बिनदिक्कत सांगितलं. "बाप डाक्टर, आई कालिजात शिकवती. त्यास्नी सवड न्हाय, म्हून मी आणली." नावही दुसरंच दिलं. सरांनी मला ओळखलं नाही. ओळखणार कसे?

आणि या खेपेचा रिपोर्ट! गणित आणि विज्ञान, आनुवंशिक क्षमता उत्कृष्ट. बसमध्ये मी तो छातीशी धरून बसले. नानीनं हात पुढं करून काढून घेतला. "त्यो खोटा, तर ह्यो खरा कसा गं?"

संध्याकाळी तिनं दोन्ही रिपोर्ट आण्णांपुढं ठेवले आणि काय केलं ते सांगितलं. आण्णांनी ते पुन्हा पुन्हा वाचले. "मंग पोरीला डोकं हाय का न्हाय?"

"मला काय ठावं?" नानी म्हणाली. "त्या मशिनीला न्हाय, येवढं कळलं. घाल सायन्सला, बगू."

दोन्ही रिपोर्ट बंबात गेले. पोरगी हुशार आहे, एवढं एक वाक्य काही तिच्या तोंडून निघालं नाही. तेव्हा फार लागलं मला ते. आता वाटतं, न तपासता तिनं एकच डाव लावला, तो माझ्यावर.

आज मी एमआयडीसीतल्या एका डेअरीच्या लॅबमध्ये आहे. आण्णा लग्नाकार्यात सांगत सुटतात, "आमच्या घराण्यातच डोकं हाय!" नानी कोपऱ्यातून त्यांच्याकडं अशी बघायची की आण्णा विषयच बदलायचे.

गेल्या वर्षी नानीला बारामतीला दवाखान्यात ठेवलं होतं. आता हाती फारसं काही नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि कधी नव्हे ते बोलून गेले, "नानी, माझं डोकं तुझ्यावर गेलंय."

"आपलं रगत तरी एक हाय का? मी परक्या घरची," ती म्हणाली. मग बारीक डोळे करून माझ्याकडं बघत राहिली. "आज लई ग्वाड बोलतीयास. डाक्टर काय म्हणला?"

"काही नाही. बरी होशील, मग घरी जायचं."

"बरं. वाईच भाईर जा. त्या नर्सबाईला आत धाड."

मी गेले. थोड्या वेळानं नर्स खाली मान घालून बाहेर आली. मी आत आले तर नानीनं माझा हात धरला आणि घट्ट दाबला.

"दोगींचं येगळं आलं," ती म्हणाली.

नर्सला आधीच सांगून ठेवायला हवं होतं. नानीच्या हाताखाली वाढून मी एवढं विसरले.