तेल गळत नव्हतं

खून, दरोडे, अपघात यांचे तपास नोकरीत पुष्कळ केले. त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. पारनेरला प्रभारी अधिकारी असताना आलेला एक साधा तक्रार अर्ज मात्र अजून जसाच्या तसा डोळ्यांपुढे येतो.

अर्जदार निवृत्त मुख्याध्यापक होते. अर्धं गाव त्यांच्या हाताखाली शिकलेलं, त्यामुळे ते आत आले तसे ठाणे अंमलदारही उठून उभे राहिले. त्यांचं म्हणणं असं, की शेजारचा टेम्पोवाला त्यांच्या कारमध्ये मुद्दाम बिघाड करतो. गाडी लावण्याच्या जागेवरून दोन घरांत पूर्वी कुरबुर झाली होती.

"स्टिअरिंग वळवलं की गाडी कण्हते," ते म्हणाले. "दुरुस्त करून आणली की थोडे दिवस बरी चालते, मग पुन्हा तेच. आपोआप कसं होईल हे?"

स्टिअरिंगशी छेडछाड म्हणजे जिवाशी खेळ. अर्ज घेऊन गप्प बसणं बरोबर नव्हतं. गाडी ज्या गॅरेजमध्ये जायची तिथल्या मेकॅनिकला सोबत घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. त्याने इंजिन चालू करून स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवलं. घूंऽऽ असा घोगरा आवाज आला. मग बॉनेट उघडून त्याने पॉवर स्टिअरिंगच्या तेलाची छोटी टाकी दाखवली. तेल खालच्या खुणेच्याही खाली गेलं होतं.

"पहिल्या वेळी पाइप खरंच गळत हुता, तो मी बदलला," तो म्हणाला. "आता बघा, पाइप कोरडा, पंप कोरडा, जमिनीवर डाग न्हाई. तेल गळत न्हाई, तरी कमी हुतंय. म्हंजे कोनीतरी काढतंय."

मुख्याध्यापकांनी, गावाच्या काकांनी, विजयी मुद्रेने शेजारच्या घराकडे पाहिलं. त्यांच्या पत्नी, काकू, दारात उभ्या होत्या, त्या आत निघून गेल्या.

टेम्पोवाल्याला चौकशीसाठी ठाण्यात बोलावलं. तिशी-पस्तिशीचा, सुप्याच्या कंपन्यांमध्ये माल पोचवणारा माणूस. खोटा आळ आलेला माणूस सहसा आवाज चढवतो. हा खाली मान घालून बसला होता.

"मी कशाला काढू तेल, साहेब?" एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

"मग काकांना असं का वाटतं? काहीतरी घडलंय तुमच्यात."

"तसं काय न्हाई."

"हे बघ, गुन्हा दाखल झाला तर तुझा टेम्पो कुठल्या कंपनीच्या गेटातून आत जाणार नाही."

त्याने मान वर केली. मग म्हणाला, "काकूंना शब्द दिलाय, साहेब. पन आता सांगतो. मागं काका सुप्याच्या चौकात गाडी थांबवून बसले हुते. मला वळखलं न्हाई त्यांनी. म्हनाले, पारनेरचा रस्ता कंचा? रोजचा रस्ता हाय तो त्यांचा. मी टेम्पो पुढं घेतला, ते मागनं आले. काकूंना सांगितलं तर त्या रडल्या. म्हनल्या, कोनाला बोलू नका."

अंगावर केस होत असताना हा माणूस तोंड मिटून बसला होता. त्याला मी लगेच घरी पाठवलं.

मग मेकॅनिकला फोन लावून विचारलं, बॉनेट बाहेरून उघडता येतं का? नाही म्हणाला, खटका आत, ड्रायव्हरच्या पायापाशी. गाडीच्या दारांवर ओरखडा नव्हता, काचा शाबूत होत्या. किल्ल्या दोन, दोन्ही घरातच. आता वेगळा तपास करायची गरजच नव्हती.

काका फिरायला जातात त्या वेळी महिला कॉन्स्टेबलला घेऊन, साध्या कपड्यांत, मी त्यांच्या घरी गेलो. काकूंनी चहा ठेवला. मी हळूच विचारलं, "काकू, तेल तुम्ही काढता का?"

त्यांनी गॅस बंद केला. "हो. औषधाच्या सिरिंजने."

पाइप गळत होता तेव्हा मेकॅनिकने त्यांच्यासमोरच काकांना समजावलं होतं, की तेल कमी झालं की आवाज येतो. ते त्यांनी लक्षात ठेवलं.

"आवाज आला की ते गाडी काढत नाहीत. तेवढंच हवं होतं मला," त्या म्हणाल्या. "येत्या रविवारी कर्जतहून नातीला एकटेच आणायला जायचं म्हणत होते. शाळा चालवलेला माणूस. त्यांना तोंडावर कसं सांगू, की तुम्हाला रस्ता आठवत नाही?"

तेल संपलेल्या गाडीचं स्टिअरिंग चालता चालता एकदम जड होतं, वळणावर गाडी हाताबाहेर जाऊ शकते, हे मी सांगितलं. त्यांना हे माहीत नव्हतं.

काका परत आले तेव्हा काकूंनीच सगळं सांगितलं. आधी ते संतापले. "मी रस्ता विसरलो? कोण म्हणतं?" काकू फक्त रडत राहिल्या. हळूहळू काकांचा आवाज खाली आला.

"मला तो दिवस आठवतच नाही," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पोरगी गाडीत असती तर?"

अर्ज त्यांनी मागे घेतला. शेजारी जायचं होतं, पण एकट्याने धीर होईना, म्हणून मला सोबत चला म्हणाले. टेम्पोवाल्याने त्यांना माफी मागू दिली नाही. बोलण्यात नातीला आणायचा विषय निघाला. "काका, रविवारी कर्जतला मी घेऊन जातो. नात बी येईल, तुमी बी गाडीत बसा," म्हणाला.

पुढे नगरच्या डॉक्टरांनी विस्मरणाचा आजार असल्याचं सांगितलं, औषधं सुरू झाली. माझी बदली होण्याआधी एकदा बाजारपेठेत ती कार दिसली. टेम्पोवाला चालवत होता, काका बाजूला बसून हात करत होते. "डावीकडे घे."

"व्हय काका," म्हणत त्याने गाडी सावकाश उजवीकडे, घराच्या रस्त्याला वळवली. काका समाधानाने पुढे बघत होते.

त्यानंतर म्हातारं माणूस शेजाऱ्याविरुद्ध तक्रार घेऊन आलं, की मी आरोपीला बोलावण्याआधी अर्जदाराच्या घरी जाऊन चहा घ्यायचो. घरातलं कोण आपल्या नजरेला नजर देत नाही, ते बघायचो. बहुतेक वेळा तिथे गुन्हेगार नसायचा. कुणीतरी एकटंच घाबरलेलं असायचं, आणि त्याला कुणी विचारलेलं नसायचं.