शेवटच्या झाडापर्यंत तेल

"ताई, बंद करा गाडी! आत्ताच्या आत्ता!"

अंबड रोडवर भर दुपारी मी ओरडलो आणि संगीताताईंनी जीप कडेला घेऊन बंद केली. तेलाचं प्रेशर दाखवणारा काटा पार खाली आला होता. ऑइल कूलर बसवून तासही झाला नव्हता, आणि तो मीच बसवला होता.

संगीताताई कुंभार पिंपळगावच्या. जुन्या डिझेल जीपला ट्रॉली जोडून त्या आपली आणि शेजाऱ्यांची मोसंबी जालन्याच्या मार्केटला आणतात. उन्हाळ्यात तेवढं वजन ओढताना इंजिनचं तेल तापायचं, तापलं की पातळ व्हायचं आणि काटा पडायचा. इंजिनचं काम एकदा झालेलं होतं. पुन्हा जाम होऊन बसलं असतं तर जीप भंगारातच. दिरांनी तर गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. शनिवारची खेप नीट गेली तर जीप ठेवायची, नाहीतर विकायची, असं घरात ठरलं होतं.

ऑइल कूलर म्हणजे तेलाचा छोटा रेडिएटर. फिल्टरच्या मुळाशी एक जाड चकती बसते. तिथून एका नळीनं तेल कूलरला जातं, वाऱ्यावर थंड होतं आणि दुसऱ्या नळीनं परत येतं. चकतीत थर्मोस्टॅट असतो. तेल तापलं की तो रस्ता उघडतो, गार असेल तर बंद ठेवतो. इथपर्यंत मी सगळं बरोबर निवडलं होतं.

नळीपाशी अति शहाणपणा केला. आमच्याकडे निम्मं काम ट्रॅक्टरचं. नळी म्हटलं की आम्हा लोकांना एकच सुचतं, फुटेल का? म्हणून मी ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकची नळी उचलली. आत तारेची जाळी, बाहेरून मनगटासारखी जाड.

पार्ट्सवाले कोठारीशेठ म्हणालेही, "मिस्त्री, ही ट्रॉली उचलायची नळी. इंजिनला कशाला लावून राह्यले?"

"शेठ, इंजिन फुटंल, पण ही न्हाई फुटायची."

शेठनी नळी कापून दिली. मला वाटलं, पटलं.

आता रस्त्यावर मी बॉनेट उघडून पंपाला शिव्या देत होतो, मीटरला देत होतो. गळती कुठेच नव्हती. तेलाची पातळी बरोबर. तेल तर आधीपेक्षा थंड, तरी प्रेशर नाही! ताईंनी माझ्या पेटीतला नळीचा उरलेला तुकडा उचलला आणि डोळ्याला लावून आरपार बघितलं.

"भाऊ, ह्याला भोक केवढंसं हाये!"

"पण दाब किती सोसती बघा ना, ताई."

"दाबाचं ऱ्हाऊ द्या. आम्ही ठिबकची मेन लाइन अशीच बारीक टाकल्ती. पंप बराबर, पाइप बिलकुल फुटला न्हाई, पण शेवटच्या झाडाला पाणीच न्हाई. मंग पुरी लाइन उकरली."

खरं सांगतो, लाज वाटली. इंजिनातलं शेवटचं झाड म्हणजे लांबचं बेअरिंग. तिथं तेल पोचलं नाही तर इंजिन गेलंच. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकपुढे इंजिनच्या तेलाचा दाब किरकोळ. त्याला ताकदीची नळी नको, मोकळी नळी हवी. गॅरेजमध्ये काटा झकास होता, कारण तेल गार होतं आणि थर्मोस्टॅटनं रस्ता उघडलाच नव्हता.

जीप ओढून परत आणली. ट्रॅक्टरनंच. शेठनी अर्धा इंच भोकाची, इंजिनच्या तेलाची नळी काउंटरवर ठेवली.

"काढून ठेवल्ती. तुमी येणार म्हाईत होतं."

या वेळी काटकोनी एल्बो टाळले, नळ्यांना सावकाश वळण दिलं आणि सायलेन्सरच्या पाइपापासून लांब बांधल्या.

शनिवारी ट्रॉली गच्च भरून निघालो. दीर पुढे बसले, मी मागे. अंबडच्या गर्दीत काटा हमखास पडायचा. त्या दिवशी तो जागचा हलला नाही. मला इतका आनंद झाला की मी मागून सीटच थोपटली. दिरांनी खिशातून फोन काढला.

"गाडी इकायची न्हाई," त्यांनी गिऱ्हाइकाला सांगितलं. मग हळूच, "वहिनी, परतीला मी चालवू का?"

"तुमी काटा बघा," ताई म्हणाल्या.

नळीचा तो तुकडा मी गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलाय. कोणी नळीच्या ताकदीचं कौतुक सुरू केलं की त्याला आधी त्यातून आरपार बघायला लावतो.