स्वतःच्या चाकांवर घरी

ब्रेकवाल्या काकूंना गाडी दाखवायला नेली की त्या गाडीकडे बघायच्या नाहीत, आधी तिचा वास घ्यायच्या. ओढणी पाठीमागे टाकून, गुडघ्यावर हात टेकून पुढच्या चाकाशी वाकायच्या, डोळे मिटायच्या आणि एक लांब श्वास घ्यायच्या. फरीदाबादच्या आमच्या सेक्टरात साठी उलटलेली एक बाई कुणाच्या तरी लाल स्पोर्ट्स कारच्या चाकाला नाक लावून उभी आहे, हे बघून नवे भाडेकरू थबकायचे. जुन्यांना सवय होती. "पॅड जळलेत," किंवा "क्लचवर पाय ठेवून चालवतोस वाटतं," असा निकाल तिथल्या तिथे लागायचा. तो चुकलेला मी सहा वर्षांत पाहिला नाही.

काकूंनी तीस वर्षं इथल्याच एका कारखान्यात ब्रेकच्या पॅडची तपासणी केली होती. यंत्रावर पॅड लाल होईपर्यंत घासायचे आणि ते कधी हात टेकतात ते लिहून ठेवायचं, हे त्यांचं काम. काका केंद्र सरकारच्या नोकरीत. लग्नानंतर दोघं साताऱ्याहून आली ती इथलीच झाली. निवृत्तीनंतर लोक चारधामला जातात. काकूंनी एका वकिलातीतल्या साहेबाने बदली झाली म्हणून विकायला काढलेली, दोन दारांची, लांब नाकाची स्पोर्ट्स कार घेतली. तिच्यात बसताना काका कानात कापूस घालायचे आणि उतरल्यावर म्हणायचे, सरकारी जीप बरी होती.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. परभणीहून कलेक्टर व्हायला दिल्लीला आलो, मुनिरकातल्या एका खोलीत पाच वर्षं परीक्षा दिल्या, आणि शेवटी एका मंत्रालयात टेबलखुर्ची मिळाली तेव्हा देवाचे आभार मानून गप्प बसलो. उरलेली सगळी हौस गाडीवर काढायची असं ठरवून मीही एक सेकंडहँड, टर्बोची, दोन दारांची गाडी उचलली. आठवडाभर घराखाली झाकलेली, सुटीला रस्त्यावर आणि दोनतीन महिन्यांतून एकदा ग्रेटर नोएडाच्या शर्यतीच्या ट्रॅकवर. मागे माणसं बसत नाहीत तर तिला गाडी कशाला म्हणायचं, असं बाबांनी फोनवर विचारलं होतं. काकू मला कधी नावाने हाक मारत नसत, परभणीकर म्हणत. गाडी घेतल्यावर त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न असा होता की ट्रॅकवर जाशील ते ठीक, पण परत कसा येणार?

मला तो प्रश्न तेव्हा कळला नाही. मी लगेच शर्यतीच्या गाड्यांचे पॅड आणून बसवले. जानेवारीतल्या एका धुक्याच्या सकाळी मथुरा रोडच्या सिग्नलला ब्रेक दाबला, तर गाडी थांबावं की नाही याचा विचार करत पुढे गेली आणि समोरच्या ई-रिक्षापासून वीतभर अंतरावर उभी राहिली. घरी येऊन गाडी सरळ काकूंच्या दारात लावली. काकूंनी वास घेतला, मग पॅड काढायला लावून तो हातात फिरवून बघितला. म्हणाल्या, "माल एकदम चांगला आहे रे. पण ह्याला आधी गरम व्हायला लागतं. तुझ्या पुढच्या रिक्षावाल्याला तेवढा टाइम नसतो." मग त्यांनी थंडीतही धरतील आणि ट्रॅकवर दहा मिनिटं दम काढतील असे मधले पॅड सुचवले, लवकर न उकळणारं ब्रेकचं तेल सुचवलं, बरे टायर सुचवले. मी इंजिनाच्या ताकदीचं विचारलं तर म्हणाल्या, ते ताटातलं लोणचं. पोट भाजीभाकरीने भरतं.

त्यांचा दुसरा नियम एका वेळी एकच वस्तू बदलण्याचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर शाबासकी कुणाला द्यायची आणि शिव्या कुणाला, हे कळत नाही असं त्यांचं म्हणणं. आणि एक वस्तू बसली की दुसरी घेण्याआधी पहिलीने बदरपूरची परीक्षा पास व्हायची. ही परीक्षा म्हणजे भर उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता, एसी चालू ठेवून, दिल्लीच्या वेशीवरच्या बदरपूरच्या ट्रॅफिकमध्ये एक तास. काकू शेजारच्या सीटवर, मांडीवर लिंबाच्या सरबताची बाटली, नजर तापमानाच्या काट्यावर. "ट्रॅकवर गाडीला वारा तरी मिळतो, यार. इथे काहीच मिळत नाही. इथे टिकली ती बिल्कुल टिकली." मोठा रेडिएटर पहिल्या झटक्यात पास झाला. गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा पहिल्याच स्पीडब्रेकरला नापास झाल्या. एका दणकट आवाजाच्या सायलेन्सरला त्यांनी तासाभराने नापास केलं, कारण तोवर दोघांचंही डोकं ठणकत होतं. मुनिरकात पाच वर्षांत जेवढा घाम गाळला नसेल तेवढा मी बदरपूरला गाळला.

ट्रॅकवर जायच्या आदल्या संध्याकाळी काकू स्वयंपाकघरातल्या नळाला पांढऱ्या फडक्यात दही टांगायच्या. दुसऱ्या दिवशी त्या चक्क्याचं श्रीखंड व्हायचं आणि फ्रिजमध्ये वाट बघत बसायचं. ट्रॅकवर कुणी किती सेकंदांत फेरी मारली याच्याशी काकूंना काही देणंघेणं नव्हतं. गाडी स्वतःच्या चाकांवर घरी आली की श्रीखंड मिळायचं. तेवढीच अट.

एका गणपतीत काकू-काका पंधरा दिवस साताऱ्याला गेले आणि मला शिंगं फुटली. दिल्लीतल्या एका दुकानात जाऊन मी गाडीच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवून घेतली, टर्बोचे पाइप बदलले आणि हवेचा फिल्टरही बदलला. तिन्ही एकाच दिवशी. बदरपूर वगैरे काही नाही, त्या दुकानातून जवळजवळ थेट ट्रॅक. पहिल्या दोन फेऱ्या काय झाल्या म्हणून सांगू! हेल्मेटमध्ये मी एकटाच ओरडत होतो. तिसऱ्या फेरीत फाट असा आवाज झाला, गाडीतला जीव गेला आणि काटा सरळ लाल रेघेवर. परतताना माझी गाडी एका ट्रकच्या पाठीवर होती आणि मी ड्रायव्हरच्या शेजारी. त्याने अगदी आस्थेने विचारलं, "भाईसाहब, रेस जीते क्या?"

काकू आदल्या दिवशीच परतल्या होत्या आणि मी ट्रॅकवर जाणार हे कळल्यामुळे त्यांनी दहीही टांगलं होतं. ट्रकवरून गाडी उतरताना त्या फाटकात उभ्या होत्या. हातपाय धुऊन खाली जेवायला बसलो तर माझ्या पानात वरण-भात, त्यावर तुपाची धार. "आज हलकंच खा," एवढंच म्हणाल्या. काका म्हणाले, मी काही ट्रकवर आलेलो नाही, आणि माझ्यासमोर दोन वाट्या श्रीखंड खाल्लं. हात धुताना काकूंनी विचारलं, "तीनमधलं कुठलं गेलं?" मला सांगता येईना. तेव्हा मला लाज वाटली, ट्रकवर वाटली नव्हती एवढी. पुढचे तीन महिने आम्ही एकेक वस्तू काढून, तपासून पुन्हा बसवली. कॉम्प्युटरची सेटिंग काकूंनी बरीच खाली आणायला लावली आणि मग ती गाडी आजतागायत बंद पडलेली नाही.

मग काकूंच्या गाडीला पंधरावं वर्ष लागलं. इथे दिल्लीच्या आसपास पंधरा वर्षांच्या पलीकडे पेट्रोलच्या गाडीला रस्ता नाही. एकतर भंगारात द्या, नाहीतर मुदतीआधी एनओसी घेऊन दुसऱ्या राज्यात न्या. काकूंनी एका संध्याकाळी जाहीर केलं की गाडी साताऱ्याला जाणार आणि गाडीबरोबर आपणही. काका सगळ्यांना सांगत सुटले की माझी निवृत्ती झाली तेव्हा ही हलली नाही, गाडीची झाली तेव्हा हलली. सामान ट्रकने जायचं होतं. गाडीही ट्रकवर घाला असं सगळ्यांचं मत पडलं. दीड हजार किलोमीटर, पासष्टीच्या काकू, जुनं इंजिन, त्यात जूनचं ऊन. मीही तेच म्हणालो. काकू माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी वर आल्या आणि गाडीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. "परभणीकर, ह्या वेळी परीक्षा तू घ्यायची. नापास केलीस तर ट्रकवर घालते, एक शब्द बोलणार नाही."

मी महिनाभर त्या गाडीत डोकं घालून बसलो. तिच्या कडक स्प्रिंगा काढून मऊ घातल्या, पॅड साधे केले, मोठा रेडिएटर ठेवला, सगळे जुने रबरी पाइप बदलले. एका वेळी एकच. मेमधल्या एका रविवारी दुपारी दोन वाजता आम्ही बदरपूरला जाऊन उभे राहिलो. काकूंच्या हातात स्टिअरिंग, सरबताची बाटली माझ्या मांडीवर. चाळिसाव्या मिनिटाला काटा एक रेघ वर सरकला. अगदी एकच. मी पाहिलं आणि काकूंनीही पाहिलं, पण त्या समोरच्या बसकडे बघत राहिल्या. उरलेली वीस मिनिटं मला युगासारखी गेली. एक रेघ म्हणजे काय मोठंसं, असं स्वतःला कितीदा तरी सांगून पाहिलं. ह्या बाईला मी नाही म्हणू शकत नव्हतो. पण मध्य प्रदेशातला तो लांबलचक मोकळा हायवे आणि कडेला उभे असलेले काका डोळ्यांपुढे आले.

"काकू, नापास," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि गाडी घरी आणली. बॉनेट उघडून बघितलं तर रेडिएटरचा पंखा थकला होता, फिरायचा पण जीव नव्हता. नवा बसवला. पुढच्या रविवारी पुन्हा बदरपूर, पुन्हा तासभर, काटा होता तिथेच. मी पास म्हटलं. गाडी घराखाली लावल्यावर काकू म्हणाल्या, "मागच्या रविवारी पास केलं असतंस ना, तर मी ट्रकच बोलावणार होते."

जूनच्या पहिल्या आठवड्यात, ऊन चढायच्या आत दोघं निघाली. काकांच्या कानात कापूस होता. काकूंनी निघण्यापूर्वी माझ्या गाडीच्या चाकाशी वाकून वास घेतला, काही बोलल्या नाहीत, म्हणजे सगळं ठीक होतं. मी खाली वाकून नमस्कार केला तर म्हणाल्या, पुरे, पाठ दुखेल. वळणावर त्यांच्या गाडीचे मागचे लाल दिवे एकदा लागले आणि गेले. काकूंची फार आठवण येते, हे सरळच सांगतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात मेसेज आला. फोटोत साताऱ्याच्या ओट्यावर तीन वाट्या होत्या, दोन रिकाम्या, चाटूनपुसून, आणि तिसरी भरलेली. खाली काकूंनी लिहिलं होतं, "आलो. आमचं खाऊन झालं. तुझी वाटी फ्रिजमध्ये ठेवते. ट्रेनने आलास तर वरण-भात."

रजेचा अर्ज मी त्याच दिवशी दिला. काल दुपारी दोन वाजता एसी चालू ठेवून बदरपूरला एकटाच तासभर उभा राहिलो. शेजारच्या सीटवर सरबताची बाटली ठेवली होती. काटा जागचा हलला नाही. परवा निघतो आहे.